पल्प मासिके

लाकडाच्या लगद्याच्या हलक्या, खरबरीत कागदावर छापलेली अमेरिकी कथामासिके. लगदा म्हणजे इंग्रजीत पल्प. कागदाचे नाव आतल्या मजकुरालाही चिकटले, आणि ते बहुधा हिणवण्यासाठीच वापरले गेले. गुळगुळीत कागदावरच्या महागड्या मासिकांना ‘स्लिक’ म्हणत.

आरंभ फ्रँक मन्सी या प्रकाशकाचा. मुलांसाठी १८८२ साली काढलेल्या साप्ताहिकाचे रूप बदलत त्याने १८९६ च्या अखेरीस ‘अर्गोसी’ हे निव्वळ कथांचे मासिक केले. १९२ पाने, चित्र एकही नाही, किंमत १० सेंट. त्याच्याच ‘ऑल-स्टोरी’ने १९१२ मध्ये एडगर राइस बरोज यांची मंगळावरची कादंबरी क्रमशः छापली. आपण वेडे नाही हे सुचवायला बरोज यांनी ‘नॉर्मल बीन’, म्हणजे शाबूत डोके, असे टोपणनाव घेतले होते. छापताना कोणीतरी ते ‘नॉर्मन’ करून टाकले आणि विनोद वाया गेला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर अंकात टारझन अवतरला.

पुढे एकेका कथाप्रकाराला स्वतंत्र मासिक मिळाले. ‘ब्लॅक मास्क’ (१९२०) मेंकेन आणि नेथन या संपादकांनी आपल्या वाङ्मयीन मासिकाचा तोटा भरून काढायला सुरू केले आणि काही महिन्यांतच विकूनही टाकले. खासगी गुप्तहेर म्हणून नोकरी केलेल्या डॅशिएल हॅमेटच्या रोखठोक कथा त्यानंतर तिथे आल्या. ‘विअर्ड टेल्स’ (१९२३) भयकथांचे, तर ह्यूगो गर्न्सबॅकचे ‘अमेझिंग स्टोरीज’ (१९२६) केवळ विज्ञानकथांचे. ‘विअर्ड टेल्स’चे संपादक फार्न्सवर्थ राइट यांनी भयकथालेखक लव्हक्राफ्टची कथुलू या कल्पित राक्षसी देवतेवरची प्रसिद्ध कथा आधी साभार परत केली होती, ती छापून आली फेब्रुवारी १९२८ मध्ये.

मानधन शब्दांवर मोजत, सहसा शब्दाला एखादा सेंट, कधी त्याहूनही कमी. काही मासिकांत तेही छापून आल्यावर, आणि कधी थकलेले. पल्पकथांतला पाल्हाळ आणि ओळीओळीला येणारी विशेषणे यांचा दोष एकट्या लेखकाच्या अभिरुचीला देऊन भागत नाही.

दुसऱ्या महायुद्धात कागद दुर्मीळ झाला. मग स्वस्त पुस्तके, कॉमिक्स आणि दूरचित्रवाणीने वाचक पळवले. १९५७ साली ‘अमेरिकन न्यूज कंपनी’ ही बडी वितरण संस्था बंद पडली, तोवर बहुतेक मासिके आटोपली होती.

या कागदातले लिग्निन, म्हणजे लाकडातला एक घटक, हवा-उजेडाने पिवळे पडते, आम्लामुळे पाने ठिसूळ होतात. जुना अंक उघडला की न कापलेल्या कडांचा तांबूस भुगा मांडीवर पडतो. मुखपृष्ठ मात्र चांगल्या कागदाचे असल्याने त्यावरचा राक्षस अजून लालभडक असतो.