कॅलिफोर्नियातलं प्रॉप ६४ अनुदान: अर्ज कोणी करायचा आणि काय लागतं

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ८ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रॉपोझिशन ६४ (प्रॉप ६४), म्हणजे थेट लोकांच्या मतदानाला टाकलेला कायद्याचा प्रस्ताव, मंजूर केलं आणि २१ वर्षं पूर्ण झालेल्यांना तिथे गांजा कायदेशीर झाला. गांजावरच्या कराचा पैसा कुठे जाणार, हेही त्याच कायद्यात ठरलेलं आहे. संशोधन आणि राज्याचे काही ठरावीक खर्च आधी वेगळे निघतात. उरलेल्या रकमेतले ६० टक्के तरुणांसाठी, २० टक्के पर्यावरणासाठी आणि २० टक्के सार्वजनिक सुरक्षेसाठी असतात. सुरक्षेच्या वाट्यातून स्थानिक सरकारांना अनुदान मिळतं. ते बोर्ड ऑफ स्टेट अँड कम्युनिटी करेक्शन्स, म्हणजे बीएससीसी, हे राज्य सरकारचं मंडळ फेरीफेरीने वाटतं.

अर्ज फक्त शहर किंवा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) करू शकते. शाळा, स्वयंसेवी संस्था किंवा एखादं मंडळ स्वतःच्या नावाने अर्ज करू शकत नाही. शहराच्या अर्जात भागीदार म्हणून काम आणि त्याचा पैसा मात्र घेता येतो.

प्रकल्पाचा कागद हातात घेण्याआधी आपल्या शहराचे नियम वाचा. गांजाच्या किरकोळ विक्रीवर बंदी घातलेल्या शहराला हे अनुदान मिळत नाही. लागवडीवरच्या बंदीलाही अशीच अट आहे, पण तिच्या शब्दांत बारकावे आहेत. म्हणून चालू फेरीच्या अर्जपत्रिकेतली भाषाच प्रमाण मानावी. मला ही अट मुलांवर अन्याय करणारी वाटते. दुकान शेजारच्या शहरात असलं तरी बंदीच्या शहरातल्या मुलांपर्यंत माल पोचतोच. पण नियम असा आहे, आणि तो न वाचता केलेली सगळी मेहनत पहिल्याच छाननीत वाया जाते.

पैसा पोलीस, अग्निशमन आणि गांजा कायदेशीर झाल्यामुळे उभ्या राहिलेल्या आरोग्य-सुरक्षेच्या इतर कामांसाठी असतो. बीएससीसीने या कामांचे चार गट केले आहेत: तरुणांसाठी प्रतिबंध आणि मदत, सार्वजनिक आरोग्य, सार्वजनिक सुरक्षा आणि पर्यावरण. आधीच्या फेऱ्यांमध्ये तरुणांचा गट प्रत्येक अर्जात घेणं सक्तीचं होतं. नुसती पोलिसांची गाडी किंवा बेकायदा शेतांवरचे छापे एवढ्यावर अर्ज उभा राहत नाही. ही सक्ती मला मनापासून पटते.

अर्जात गरजेचं वर्णन, कामाचा आराखडा, अंदाजपत्रक, शहराची क्षमता आणि परिणाम कसे मोजणार याची मांडणी द्यावी लागते. गरज सांगताना स्थानिक आकडे द्या: शाळांतली प्रकरणं, रुग्णालयातल्या नोंदी, विनापरवाना विक्रीच्या तक्रारी. राज्यभराचे आकडे दिले तर तुमच्या गावाची अडचण परीक्षकांना दिसणार नाही. पात्रतेची सही केलेली हमी आणि भागीदार संस्थांच्या पात्रतेचे कागदही जोडावे लागतात. अनुदानाचा करार पूर्ण होण्याआधी सिटी कौन्सिलचा किंवा काउंटीच्या बोर्डाचा ठरावही द्यावा लागतो. ठरावाला वेळ लागतो. विषय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावा लागतो, म्हणून ते काम आधी सुरू करा.

अनुदान मंजूर झालं म्हणजे रक्कम लगेच खात्यात येते असं नाही. आधी खर्च करायचा, मग हिशेब देऊन परतावा मागायचा, अशी पद्धत आहे. छोट्या भागीदार संस्थेची इथे फार ओढाताण होते. तिला पैसे केव्हा मिळणार, हे शहराशी करार करतानाच लिहून घ्यावं. शहर आधीपासून स्वतःच्या पैशातून करत असलेला खर्च या अनुदानावर ढकलता येत नाही. प्रगती अहवाल आणि शेवटी मूल्यमापन अहवालही द्यावा लागतो.

नशेत गाडी चालवण्याविरुद्धचं काम असेल तर कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलचं वेगळं अनुदान आहे. तेही याच २० टक्क्यांतून येतं, पण त्याचा अर्ज आणि पात्रता स्वतंत्र आहे.

बे एरियातल्या किंवा लॉस एंजलिसकडच्या मराठी पालकांनी आपल्या सिटी कौन्सिलच्या बैठकीत हा विषय मांडावा. तरुणांच्या कार्यक्रमात एक गोष्ट आवर्जून घालायला सांगा: राज्यात परवानगी असली तरी संघराज्याच्या कायद्याने गांजा अजून निषिद्ध आहे. एच-१बी, एफ-१ किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांना नुसत्या वापराच्या कबुलीमुळेही व्हिसा, प्रवेश किंवा नागरिकत्वाच्या वेळी अडचण येऊ शकते. स्थलांतरित घरांतल्या मुलांना हे शाळेत सहसा कोणी सांगत नाही.