मेकॅनिकल आणि एर्गोनॉमिक: बोटांसाठी एक, मनगटासाठी दुसरा

दिवसभर टायपिंग करणाऱ्या माणसाचं मनगट दुखायला लागलं, की आजूबाजूचे लोक हमखास सांगतात, ‘चांगला मेकॅनिकल कीबोर्ड घे.’ तो घेतो, चांगले चार-पाच हजार मोजतो, आणि मनगट तसंच दुखत राहतं. यात कीबोर्डचा दोष नसतो. मेकॅनिकल म्हणजे कळीखालची यंत्रणा. एर्गोनॉमिक म्हणजे संपूर्ण कीबोर्डचा आकार. दोन्ही महाग, दोन्ही ‘हातांना बरे’ म्हणून विकले जातात, त्यामुळे गल्लत होते.

आधी कळीचं बघू. ऑफिसात मिळतो तो साधा मेम्ब्रेन कीबोर्ड. त्यात प्रत्येक कळीखाली रबराची छोटी घुमटी असते. ती पार चेपली की खालचा पडदा टेकतो आणि अक्षर उमटतं. म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी कळ तळापर्यंत न्यावी लागते. रबर जुनं झालं की काही कळा घट्ट, काही सैल होतात, आणि बोट नकळत सगळ्याच कळा जोरात हाणायला लागतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीला स्वतःची स्प्रिंग आणि स्वतःचा स्विच असतो. चेरी या जर्मन कंपनीचे स्विच रंगांवरून ओळखले जातात. त्यातला लाल घ्या. कळ एकूण 4 मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर 2 मिलिमीटरवरच उमटतं, आणि त्यासाठी साधारण 45 ग्रॅमचा दाब पुरतो. काळ्या स्विचला 60 ग्रॅम लागतात. दिवसाला हजारो कळा दाबणाऱ्या बोटाला हा फरक संध्याकाळी नक्की जाणवतो. तपकिरी स्विचमध्ये अक्षर उमटण्याच्या सुमारास बोटाला एक बारीक अडथळा लागतो, तर निळ्यात अडथळ्याबरोबर ‘टिक’ असा आवाजही येतो. माझ्या मते लांबलचक मजकूर टाइप करणाऱ्याने लाल किंवा तपकिरी निवडावा. निळा शेजारी कोणी बसत असेल तर घेऊच नये.

मात्र हा फायदा आपोआप मिळत नाही. कळ तळावर आपटायची जुनी सवय सुटली, तरच बोटं सैलावतात. शिवाय बहुतेक मेकॅनिकल कीबोर्ड उंच असतात. पंजा वर वळवून टाइप करावं लागलं, तर बोटांचं दुखणं कमी होऊन मनगटाचं वाढतं. म्हणून असा कीबोर्ड घेतला तर पुढे हाताला टेकू ठेवावा. तो तळहाताच्या टाचेखाली यावा, मनगटाखाली नाही, आणि टायपिंग थांबवल्यावर विसाव्यापुरताच वापरावा.

आता आकार. सरळ पट्टीसारख्या कीबोर्डवर दोन्ही हात छातीसमोर आणावे लागतात, मग कळांच्या रांगेत बसण्यासाठी पंजे करंगळीकडे वळतात. तळवे पार पालथे होतात. मागचे पाय उघडले असतील तर पंजे वरही उचलले जातात. तीन दिशांनी पीळ बसतो आणि स्विच कितीही मऊ असला तरी त्यातला एकही सुटत नाही. कीबोर्ड मधून दुभागून दोन्ही भाग तिरके, मध्ये उंच ठेवावेत ही कल्पना जर्मनीत क्लोकेनबर्गने 1926 सालीच टाइपरायटरसाठी मांडली होती. ती घरोघरच्या संगणकापर्यंत आली 1994 मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डमुळे. आज मिळणारा लॉजिटेकचा एर्गो के860 त्याच वळणाचा आहे. त्याच्या कळा लॅपटॉपसारख्या चपट्या, मेकॅनिकल अजिबात नाहीत. पण त्याचे पाय पुढच्या, म्हणजे आपल्याकडच्या बाजूला आहेत आणि ते 7 अंशांपर्यंत उतार देतात. कीबोर्ड मागे नव्हे, पुढे उंच असायला हवा, हे इथे डोळ्यांना दिसतं. किनेसिससारख्या कीबोर्ड कंपन्या मेकॅनिकल स्विच आणि दुभागलेला आकार एकत्र देतात, पण किंमत फार होते. खर्च करण्याआधी निदान आहे त्या कीबोर्डचे मागचे पाय आजच मिटून टाका.

मराठीत टाइप करणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित कळरचनेत महाप्राण अक्षरं (ख, घ, छ) आणि सुटे स्वर (अ, आ, इ) शिफ्टवर आहेत. ‘आणि’ हा साधा शब्द बघा. कळा तीन, त्यात आ आणि ण दोन्ही शिफ्टसकट, आणि दोन्ही डाव्या हाताच्या कळा असल्यामुळे शिफ्ट उजव्या करंगळीने. त्याच करंगळीकडे च, ट, ड, ज आहेतच. इंग्रजी टाइप करणाऱ्याची करंगळी इतकी राबत नाही. इथे हलका स्विच थोडी मदत करतो. खरा आराम शिफ्ट अंगठ्याखाली आणता येणाऱ्या दुभागलेल्या कीबोर्डने मिळतो. तोवर विंडोजमधली स्टिकी कीज ही सोय वापरून पाहा. त्यात शिफ्ट दाबून सोडायची, मग अक्षर दाबायचं. दोन कळा एकदम धराव्या लागत नाहीत.

तेव्हा नेमकं काय दुखतं ते आधी ओळखा. बोटांची टोकं आणि सांधे दमत असतील तर स्विच बदला. मनगटाची करंगळीकडची बाजू किंवा खांदे दुखत असतील तर आकार बदला. फक्त उजवा खांदा धरत असेल, तर आकडे असलेला उजवा भाग नसलेला कीबोर्डही पुरतो, कारण माउस जवळ येतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होत असेल, तर दुकानात न जाता डॉक्टरांकडे जा. मनगटातला मज्जातंतू दाबला जात असण्याची शक्यता असते.

दुभागलेल्या कीबोर्डवर पहिले काही दिवस वेग पडतो. ‘व’ उजव्या तर्जनीने मारायची सवय असेल तर विशेष, कारण ती कळ बहुतेक वेळा डाव्या भागात गेलेली असते. मराठी 30 किंवा 40 च्या (मिनिटाला तितके शब्द) टायपिंग परीक्षेला बसणाऱ्यांनी ही अदलाबदल निकालानंतरच करावी आणि तोवर सराव साध्या, सरळ कीबोर्डवरच ठेवावा.