पाच मायक्रॉनचा घोळ

पाडव्याला घेतलेली मोटरसायकल. मीटरवर जेमतेम ३४० किलोमीटर झाले होते आणि आरे-वारेच्या चढावर पुढून टकटक ऐकू यायला लागली. गाडी बाजूला घेऊन बघतो तर लेगगार्ड हाताने हलत होता. त्याचं फार वाटलं नाही. पण खाली वाकलोच होतो म्हणून पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरचा, म्हणजे चाकाची डिस्क चिमटीसारखी धरणाऱ्या भागाचा, खालचा बोल्ट बोटांत धरला, आणि तो फिरला. पाना नाही, काही नाही, नुसत्या दोन बोटांनी. गणपतीपुळ्याचा बेत तिथेच संपला. मागच्या ब्रेकवर, वीसच्या वेगाने रत्नागिरीत परत आलो.

शोरूममधल्या माणसाने गाडीकडे न बघताच सांगितलं, "नवीन गाडी आहे सर, चालवून चालवून सेट होईल."

राग आला, पण गंमत अशी की त्या वाक्यात अर्धं विज्ञान होतं. नव्या गाडीत काहीतरी 'सेट' होतं हे खरंच, आणि नेमके त्यामुळेच बोल्ट ढिले पडतात.

बोल्ट म्हणजे दोन तुकडे जोडणारा खिळा, अशी आपली समजूत असते. खरं तर बोल्ट ही स्प्रिंग आहे, फक्त फार कडक. पान्याने आवळताना आपण तिला ताणत असतो, आणि ताणलेला बोल्ट आखडायला बघतो म्हणून मधले तुकडे एकमेकांवर दाबून राहतात. आठ मिलिमीटर जाडीचा साधा पोलादी बोल्ट घ्या. पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर दिला की साधारण २४ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, बसतो. तेवढ्यावर बोल्टात तयार होणारी पकड असते सुमारे दीड टनाची. १५० किलोच्या दहा मोटरसायकली एकावर एक रचल्यासारखी! आणि या एवढ्या पकडीसाठी बोल्ट ताणला जातो किती? आवळलेला भाग ४० मिलिमीटरचा असेल तर ०.०८ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीइतका. भाग १० मिलिमीटरचाच असेल तर फक्त ०.०२.

आता ते 'सेट होणं'. कारखान्यातून आलेला धातूचा पृष्ठभाग बोटाला गुळगुळीत लागतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली तो आपल्या कातळाच्या सड्यासारखा खडबडीत असतो. दोन नवे पृष्ठभाग पहिल्यांदा दाबले जातात तेव्हा फक्त उंचवटे एकमेकांना टेकलेले असतात. गाडी धावते, हादरे बसतात, इंजिन तापतं-निवतं आणि ते उंचवटे चेपतात. नव्या घराच्या जोत्यातली भर पहिल्या पावसात बसते, तसंच. बसतं ते काही मायक्रॉन. समजा पाच, म्हणजे ०.००५ मिलिमीटर. लांब बोल्टाच्या ताणातून तेवढं गेलं तर रुपयातला एक आणा गेला. आखूड बोल्टाचे मात्र चार आणे गेले. बोल्ट जराही फिरलेला नसतो, तरी पाव पकड गायब.

जोडाच्या मध्ये रंगाचा थर असेल तर आणखी वाईट. लेगगार्डवरचं पावडर कोटिंग म्हणजे शेवटी प्लास्टिकच. दाबाखाली, इंजिनाच्या ऊबेत ते हळूहळू सरकत पातळ होतं. शोरूमने वरून बसवलेली वस्तू सगळ्यात आधी खडखडते ती यामुळे.

इथपर्यंत बोल्ट नुसता सैलावला. तो प्रत्यक्ष फिरतो कसा? इंजिन मिनिटाला ४,५०० फेरे घेत असेल तर हातखंब्याहून चिपळूणच्या दिशेने तासभर गाडी हाकेपर्यंत २ लाख ७० हजार फेरे होतात. इतक्या वेळा दट्ट्या खालीवर आपटला म्हणजे बोल्ट हलणारच, असं वाटतं. पण बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणारा हादरा फारसं बिघडवत नाही. गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की खरा शत्रू आडवा हादरा आहे. जोडलेले तुकडे एकमेकांवर आडवे घसरू लागले की बोल्ट आपणहून उलटा फिरतो, आणि काहीशे हेलकाव्यांत पकड शून्यावर येऊ शकते.

हे समजायला टेम्पोतून चिरे उतरवताना बघावं. टेम्पोला लावलेल्या तिरक्या फळीवर जांभ्याचा चिरा ठेवला तर तो जागचा हलत नाही, घर्षण त्याला धरून ठेवतं. पण त्याला बाजूला ढकला: तो नुसता बाजूला जात नाही, थोडा खालीही येतो. घर्षण एका वेळी एकाच दिशेला झुंजतं. ते आडव्या घसरणीला अडवण्यात गुंतलं की उताराकडे बघायला कोणी उरत नाही. बोल्टाचे आटे म्हणजे गोल गुंडाळलेली तिरकी फळीच. चढ अगदी कमी, आठ मिलिमीटरच्या बोल्टात जेमतेम तीन अंश, म्हणून एरवी तो घट्ट राहतो. आडवी घसरण सुरू झाली की प्रत्येक धक्क्यासरशी तो थोडा उतरतो. आणि घसरण सुरू होते कधी? बसण्यामुळे पकड कमी झाली की.

यावर आपल्याकडचा रामबाण उपाय म्हणजे स्प्रिंग वायसर. नासाच्या १९९० च्या बोल्टविषयक मार्गदर्शिकेत त्याची पार रेवडी उडवली आहे: बोल्ट पूर्ण आवळला की ते वायसर चेपून सपाट होतं आणि साध्या वायसरपेक्षा वेगळं काही करत नाही. नायलॉनची कडी असलेला नट किंवा आट्यांना लावायचा लॉकिंग द्रव त्यापेक्षा उपयोगी.

किती जोर लागला ते आकड्यात दाखवणारा टॉर्क पाना हातात असला तरी तो सांगतो ते पूर्ण खरं नसतं. आपण लावलेल्या जोराच्या रुपयातले सुमारे पन्नास पैसे बोल्टाच्या डोक्याखालचं घर्षण खातं, चाळीस पैसे आट्यांतलं. ताणायला उरतात दहा. आट्यांत गंज किंवा रेती शिरून घर्षणाने पाच पैसे जास्त खाल्ले, तर पान्यावर आकडा तोच आणि ताण निम्मा. किनाऱ्यावर हे रोजचं आहे. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस, यात जस्ताचा मुलामा पांढरा पडायला वेळ लागत नाही. ॲल्युमिनियममध्ये बसवलेल्या पोलादी बोल्टाभोवती खारं पाणी साचलं की चिमुकली बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. उलट, पावसाळ्याआधी गाडीला तेल फवारून घेतात तेव्हा ते आट्यांत मुरलं तर घर्षण घटतं, तोच टॉर्क बोल्टाला जास्त ताणतो आणि ॲल्युमिनियममधले आटे जातात. (ब्रेकच्या डिस्कवर गेलं तर काय होतं, ते सांगायला नको.)

म्हणजे पहिली सर्व्हिस हे नुसतं ऑइल बदलणं नाही. साधारण ५०० ते १,००० किलोमीटरला ती ठेवतात, कारण तोवर बसायचं ते बरंचसं बसलेलं असतं, आणि तेव्हा पुन्हा टॉर्क तपासला की गेलेला ताण परत येतो. गाडीच्या जुळणीचा तो राहिलेला भाग आहे. पण बोटांनी फिरणाऱ्या कॅलिपर बोल्टाचं खापर मी पाच मायक्रॉनवर फोडणार नाही. तो मुळात आवळलेलाच नसावा. पाडव्याच्या मुहूर्तावर रांगेने गाड्या बाहेर काढताना तपासणीच्या कागदावर सगळीकडे बरोबरच्या खुणा एकाच हाताने, एकाच दमात झालेल्या होत्या. सर्व्हिसला गेलो तेव्हा टॉर्क पाना काचेच्या कपाटात होता आणि पोरगा हवेच्या गनने सगळे बोल्ट सरसकट ठोकत होता. "टॉर्क तपासला" असं जॉबकार्डावर लिहून द्या म्हटल्यावर मात्र कपाटाची किल्ली सापडली.

मिरकरवाड्यात होड्यांची इंजिनं उघडणारे एक काका आहेत. त्यांनी छोट्या हातोडीने एकेका बोल्टावर टिचकी मारली. आवळलेला टणकन वाजला, ढिला ठप्प. मग प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या भागावर सरळ रेघ ओढायला लावली. बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावायची गरज नाही. फक्त बोल्ट न फिरता नुसता बसला तर रेघेला त्याचा पत्ता लागत नाही. तिथे टॉर्क पानाच हवा. रंग नव्हता, म्हणून बायकोचं पांढरं नेलपॉलिश वापरलं.

परवा चिपळूणला जाऊन आल्यावर बघितलं. कॅलिपरच्या दोन्ही रेघा सरळ होत्या. लेगगार्डची एक तांदळाच्या कणीएवढी सरकली होती. तो काढून माळ्यावर टाकला.