नेपच्यून इतका निळा नाहीच

पाठ्यपुस्तकांत, शाळांच्या तक्त्यांवर नेपच्यून शाईसारखा गडद निळा असतो आणि युरेनस फिकट हिरवट. प्रत्यक्षात हे दोघे रंगाने जवळजवळ सारखेच आहेत.

घोळ सुरू झाला १९८९ च्या ऑगस्टमध्ये. व्हॉयेजर २ यान नेपच्यूनजवळून गेलं. त्याचा कॅमेरा वेगवेगळे फिल्टर लावून कृष्णधवल चित्रं टिपायचा, आणि ती एकत्र करून रंगीत चित्र पृथ्वीवर तयार व्हायचं. नेपच्यूनवरचे ढग, पट्टे आणि मोठा काळसर डाग उठून दिसावा म्हणून शास्त्रज्ञांनी कॉन्ट्रास्ट वाढवला. यात लबाडी नव्हती. चित्रासोबत तसं स्पष्ट लिहिलेलंही होतं. पण चित्र जगभर छापलं गेलं आणि खुलासा मागेच राहिला.

२०२४ च्या जानेवारीत ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पॅट्रिक आयर्विन यांच्या गटाने हा रंग नव्याने ठरवला. हबल दुर्बीण आणि चिलीतली व्हेरी लार्ज टेलिस्कोप यांच्यावरची उपकरणं ग्रहाच्या चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा अख्खा वर्णपट नोंदवतात. त्यावरून माणसाच्या डोळ्याला काय दिसेल, हे काढता येतं. दोन्ही ग्रह फिकट हिरवट-निळे निघाले, नेपच्यून जरासाच अधिक निळा.

हा रंग मिथेनमुळे येतो. सूर्यप्रकाशातला लाल भाग तो शोषून घेतो आणि निळा-हिरवा तेवढा परावर्तित होतो. युरेनसवर धुरकट कणांचा थर जास्त दाट असल्यामुळे तिथला निळा अजून फिका पडतो.

मला मात्र सर्वांत विलक्षण वाटतं ते युरेनसचं रंग बदलणं! त्याचा अक्ष ९८ अंशांनी कललेला आहे, म्हणजे हा ग्रह जवळपास आडवा पडूनच ८४ वर्षांत सूर्याभोवती फेरी मारतो. त्यामुळे कधी एक ध्रुव थेट सूर्यासमोर येतो, कधी विषुववृत्त. ध्रुवांकडे मिथेन कमी, त्यामुळे तिथून हिरवा आणि लाल प्रकाश जास्त परततो. शिवाय उन्हाळ्यात ध्रुवावर मिथेनच्या बर्फकणांचं धुकं दाटतं. ध्रुव समोर असला की ग्रह हिरवट दिसतो, विषुववृत्त समोर आलं की निळसर. अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेने १९५० पासून २०१६ पर्यंत ठेवलेल्या नोंदींमुळे हे उलगडता आलं.

युरेनसवरचा गेला संपात, म्हणजे विषुववृत्त थेट सूर्यासमोर येण्याची वेळ, २००७ मधला. तेव्हापासून त्याचा उत्तर ध्रुव सूर्याकडे वळतो आहे आणि हबलच्या चित्रांत तिथला पांढुरका भाग वर्षागणिक उजळत गेला आहे.