शाळांचे वैधानिक प्रकार (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील एखाद्या शाळेला कोणते कायदे लागू होतात, हे मुख्यतः ती कोणाच्या पैशावर चालते आणि तिची संस्था अल्पसंख्याक आहे की नाही यावरून ठरते. प्रवेशाच्या वेळी पालक ज्याची चौकशी आधी करतात ते परीक्षा मंडळ या दृष्टीने दुय्यम होय. शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत (केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांच्या यादीत) गेला.

सहायक अनुदानाचा, म्हणजे खाजगी शाळांना मिळणाऱ्या सरकारी पैशाचा, उगम बहुधा १८५४ च्या वुडच्या खलित्यात (भारतातील शिक्षणाविषयीच्या ब्रिटिश आदेशपत्रात) दाखवला जातो. मुंबई इलाख्यात मात्र त्यापूर्वीही खाजगी शिक्षणसंस्थांना सरकारी साहाय्य मिळत असे. त्यामुळे खलित्याने या प्रथेला नियमांची चौकट दिली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

केंद्राच्या शिक्षण हक्क अधिनियमाने (२००९, अंमल १ एप्रिल २०१० पासून) चार प्रकार मानले आहेत : शासकीय व स्थानिक प्राधिकरणाच्या, अनुदानित, विनाअनुदानित आणि केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये, सैनिकी शाळा अशा विनिर्दिष्ट प्रवर्गातील. विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात, ही कलम १२ मधील तरतूद सर्वाधिक वादाची ठरली. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी विनाअनुदानित शाळेला यातून सूट दिली. मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द केला. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये या अधिनियमातून वगळले, तर प्रमती ट्रस्टच्या खटल्यातील त्याच न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अनुदानित अल्पसंख्याक शाळाही वगळल्या. या निकालाविषयी शंका नोंदवून द्विसदस्य पीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला.

राज्याच्या कायद्यांपैकी १९७७ चा अधिनियम खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती ठरवतो (बडतर्फीविरुद्ध ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील), २०११ चा शुल्काचे विनियमन करतो आणि २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित (स्वतःच्या निधीवर चालणाऱ्या) शाळांना परवानगी देतो. अनुदान कधीच न मिळण्याच्या अटीवर मान्यता मिळालेल्या ‘कायम विनाअनुदानित’ शाळांच्या नावातील ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला आणि त्या शाळांना टप्प्याटप्प्याने अनुदान मिळण्याची वाट खुली झाली. मुख्याध्यापकांच्या टेबलावर हमखास आढळणारी माध्यमिक शाळा संहिता नावाने संहिता असली तरी प्रशासकीय सूचनांचा संग्रह आहे. तिचा एखादा नियम १९७७ च्या अधिनियमाशी जुळत नसेल, तर अधिनियमच लागू होतो.