तपासपेटी उघडण्याआधी : शिक्षकांसाठी माहितीपत्रक

तपासपेटी म्हणजे वर्गात मुलांनी एका काल्पनिक चोरीचा तपास करण्यासाठी आम्ही तयार केलेली साहित्याची पेटी. आम्हाला सर्वांत जास्त फोन येतात ते एकाच तक्रारीचे. "पेटीत सगळं आहे, पण उत्तराचं पाकीट सापडत नाही." ते घालायचं राहिलेलं नाही, आम्ही ते ठेवतच नाही. शिक्षकांसाठीच्या पिवळ्या कागदावर कोणता ठसा कोणाचा, शाई कोणत्या पेनाची, धागा कशाचा, एवढं लिहिलेलं आहे. "चोर अमुक" असं कुठेच लिहिलेलं नाही. असं का, ते शेवटच्या तासाबद्दल लिहिलंय तिथे कळेल. आधी पेटी कशी वापरायची ते पाहू.

प्रकरण

एका काल्पनिक वेधशाळेतून दुर्बिणीचं आयपीस (डोळा लावतात ते भिंग) नाहीसं झालंय. टेबलावर काचेचा पेला, हाताने लिहिलेली चिठ्ठी आणि सांडलेली पांढरी पूड आहे. खुर्चीला धागा अडकलाय, खिडकीखालच्या मातीत बूट उमटलाय. संशयित चौघे : क, ख, ग आणि घ.

त्यांना नुसती अक्षरं का, असं काही जण विचारतात. पहिल्या पेट्यांमध्ये त्यांना कामधंदा होता : शास्त्रज्ञ, ग्रंथपाल, छायाचित्रकार आणि रखवालदार. ज्या वर्गांत आम्ही स्वतः जाऊन बसलो, तिथे मुलांनी भिंग हातात घ्यायच्या आतच रखवालदाराला धरलं. पुरावा एकही पाहिलेला नव्हता. त्या दिवसापासून अक्षरं आली. तुम्ही स्वतःचं प्रकरण रचणार असाल तर वर्गातलं मूल किंवा शाळेतला कर्मचारी संशयित करू नका. गमतीत घेतलेला आळसुद्धा नंतर चिकटून राहतो.

"खुनाचं प्रकरण द्या, मुलांना मजा येईल" अशीही मागणी येते. चोरीत पुरेशी मजा आहे. रक्ताची चाचणी घ्यायचीच असेल तर कृत्रिम रक्त वापरा. खरं रक्त, अगदी शिक्षकांच्या स्वतःच्या बोटाचा थेंबही, वर्गात नको.

आधी पंचनामा

वस्तूला हात लावण्याआधी नकाशा काढायचा, अंतरं मोजायची, फोटो घ्यायचे. मग प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात घालून मुद्देमालाची चिठ्ठी लावायची : काय, कुठे सापडलं, किती वाजता, कोणी उचललं, कोणाच्या हाती दिलं. हे काम कंटाळवाणं वाटतं, म्हणून सगळे उरकून टाकतात. त्यावर एक युक्ती आहे. मधल्या सुट्टीत एका गटाचं पाकीट गुपचूप बदला आणि नंतर विचारा, "हे तुम्ही उचललेलंच कशावरून?" पुढच्या वेळी पाकिटाच्या तोंडावर सही आणि वेळ घातलेली दिसेल.

बोटांचे ठसे

कोरड्या बोटांचा ठसा काचेवर नीट उमटत नाही. बोट आधी कपाळावरून किंवा नाकाच्या बाजूने फिरवा, मग पेला धरा. ठशांची काळी पूड उडवताना ब्रशचं टोक पुडीला जेमतेम टेकवा, जास्तीची झटका, आणि ब्रश दोन बोटांत फिरवत काचेवरून हलकेच न्या. मुलं रंगारी भिंत रंगवतो तसं घासतात. मग रेघांमधली जागा पुडीने भरते आणि हाती काळा डाग येतो. पूड बारीक आहे, फुंकू नका, पंखा बंद ठेवा. ठसा दिसला की चिकटपट्टी एका दमात लावा, एका दमात काढा आणि पांढऱ्या कार्डावर बसवा.

आता वाचन. शंख आणि चक्र हे शब्द मुलांनी घरी ऐकलेले असतात, तिथूनच सुरुवात करा. साधारण ६० ते ६५ टक्के ठसे शंखाचे, ३० ते ३५ टक्के चक्राचे आणि उरलेले थोडे कमानीचे असतात. म्हणजे पेल्यावर शंख आहे आणि 'क'च्या बोटालाही शंख आहे, यावरून फारसं काही कळत नाही. 'ख' आणि 'घ' यांनाही शंखच आहे. खरी ओळख पुढे असते : रेघ कुठे तुटते, कुठे दुभंगते, दोन फाट्यांमध्ये किती रेघा आहेत. या खुणा लाल पेनाने मोजायला लावा.

हे सांगताना कलकत्त्याचा उल्लेख जरूर करा. १८९७ मध्ये तिथे बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. बंगालचे तेव्हाचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेलेल्या वर्गीकरणामागे त्यांच्या हाताखालचे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची मेहनत होती. हक यांनी गणिताने ठशांची १०२४ खणांत विभागणी केली, म्हणजे ३२ गुणिले ३२. गणिताच्या शिक्षकांना हा तास उसना द्यायला हरकत नाही.

दुसरी बाजूही सांगा. २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचा असल्याचं एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास संस्थेच्या तज्ज्ञांनी ठामपणे सांगितलं. तो माणूस सुमारे दोन आठवडे कोठडीत होता. ठसा दुसऱ्याचाच आहे हे स्पॅनिश पोलिसांनी दाखवल्यावर तो सुटला. ठसे खोटे बोलले नव्हते, वाचणारे चुकले होते.

चिठ्ठीची शाई

गाळणकागदाच्या पट्टीवर खालून २ सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ मारा. पेनाने मारलीत तर तीही वर चढेल. रेघेवर शाईचा बारीक ठिपका द्या, वाळू द्या, त्याच जागी पुन्हा द्या. भांड्यात पाणी १ सेंटिमीटर असावं, ठिपक्याच्या खाली. ठिपका बुडाला की शाई पाण्यात उतरते आणि प्रयोग तिथेच संपतो. पाणी वरच्या टोकाला पोहोचण्याआधी पट्टी काढा आणि ते कुठवर आलं तिथे लगेच पेन्सिलीने खूण करा. वाळल्यावर ती कड दिसत नाही. रंग ४.२ सेंटिमीटर चढला आणि पाणी ७ सेंटिमीटर, तर गुणोत्तर ०.६. डोळ्यांना सारख्या वाटणाऱ्या दोन काळ्या शाया इथे वेगळ्या पडतात. एकीतून निळा आणि गुलाबी निघतो, दुसरीतून जांभळा आणि पिवळा.

आमच्या हातून झालेली एक चूक. सुरुवातीच्या काही पेट्यांमध्ये दोन पेनं पक्क्या शाईची गेली. पाण्यात न विरघळणारी शाई जागची हलली नाही आणि एका बाईंचा फोन आला, "अर्धा तास झाला, ठिपका ढिम्म." पेनं आम्ही बदलून दिली. पण त्या ढिम्म ठिपक्यावरूनही एक पेन वगळता येतं, हे त्यांच्याच वर्गातल्या एका मुलीने सांगितलं. आता एक पेन आम्ही मुद्दाम तसं ठेवतो.

पांढरी पूड

चार बाटल्या आहेत : खाण्याचा सोडा, स्टार्च, चुनखडीची पूड आणि प्लास्टर ऑफ पॅरिस. आयोडीनने निळसर काळा रंग आला तर स्टार्च. व्हिनेगरने सोडाही फसफसतो आणि चुनखडीही. तिथे पाणी वापरा : सोडा विरघळतो, चुनखडी तळाशी बसते. बाटलीतली पूड संपली म्हणून फळ्याचा खडू कुटू नका. बरेच खडू जिप्समचे असतात, ते व्हिनेगरला दाद देत नाहीत. कोणतीही पूड चाखायची नाही, हुंगायची नाही.

बूट आणि धागा

प्लास्टर दोन वाट्या, पाणी एक वाटी. थेट ठशावर ओतू नका, चमच्याच्या पाठीवरून सोडा. घट्ट होताना ते तापतं, त्यामुळे त्यात हात किंवा बोट रुतवून ठेवायचं नाही, भाजू शकतं. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, नळीत दगड होतो. धागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की पुरे.

शेवटचा तास

एका बाजूला चार संशयित, दुसऱ्या बाजूला पुरावे, असा तक्ता फळ्यावर काढा. प्रत्येक चौकोनात तीनच शब्द चालतील : 'वगळला', 'वगळता येत नाही', 'जुळतो'. बुटाच्या नक्षीवरून 'ख' आणि 'घ' वगळले जातात. उरतात दोघे. पेल्यावरचा ठसा 'क'चा आहे, पण पेला कधी धरला ते ठसा सांगत नाही. शाई 'ग'च्या पेनाची आहे, पण ते पेन सगळ्यांच्या टेबलावर असायचं. इथे वर्गाचे दोन तट पडतात, आवाज चढतो, आणि कुणीतरी उत्तराचं पाकीट मागतं. तेव्हा त्याला फळ्यासमोर बोलवा आणि 'जुळतो' या शब्दाच्या पुढे नेमकं काय लिहिता येईल ते त्याच्याकडून लिहून घ्या.

मुलांचे स्वतःचे ठसे घेतले असतील तर तास संपल्यावर ज्याचे त्याला परत द्या किंवा सर्वांसमोर फाडून टाका. त्यांचे फोटो मोबाइलवरच्या कोणत्याही गटावर पाठवू नका. पूड, चिकटपट्टी आणि गाळणकागद संपले तर ते सुटे मिळतात. त्यासाठी पूर्ण पेटी पुन्हा घ्यायची गरज नाही.