काळं व्हिनाइल म्हणजे सनकंट्रोल फिल्म नव्हे

होळी झाली की लातूर असो, नांदेड असो की जालना, पश्चिमेच्या मोठ्या खिडक्यांवर काहीतरी काळं चिकटवायची घाई सुरू होते. फ्लेक्सच्या दुकानातून काळ्या व्हिनाइलचा तुकडा आणायचा, साबणाच्या पाण्यानं चिकटवायचा आणि 'सनफिल्म लावली' म्हणून सांगायचं. पुढे कधीतरी काचेला तडा जातो आणि बोलणी खातो तो काच बसवणारा. काच बहुतेक वेळा चांगलीच असते. चुकतं ते तिच्यावर काय चिकटवलं त्यात.

व्हिनाइल सगळ्यांच्या ओळखीचं आहे. दुकानाच्या काचेवरची अक्षरं, गाडीवरचे स्टिकर, ऑफिसच्या पार्टिशनवरचं फ्रॉस्टेड, सगळं तेच. पीव्हीसी प्लास्टिकचा 80 ते 100 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पत्रा, मागे गोंद. ओढलं की ताणतं. सनकंट्रोल फिल्म पॉलिस्टरची असते, साधारण 40 ते 50 मायक्रॉनची. ती हातानं ताणत नाही, आणि कडेला काप दिल्याशिवाय सहज फाटतही नाही. तिच्यात रंग, धातूचा अतिपातळ थर किंवा सिरॅमिकचे कण असतात. अशी फिल्म लांबून आणावी लागते असंही नाही. गरवारे हाय-टेक फिल्म्सचे कारखाने छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाण्यातच आहेत. काळ्या फिल्मवर बंदी आहे का, हे विचारणाऱ्यांसाठी: सर्वोच्च न्यायालयाचा 2012 चा निकाल गाड्यांच्या काचांबद्दल आहे. घराच्या खिडकीशी त्याचा संबंध नाही.

आता खरा घोटाळा. जितकं काळं तितका उन्हाचा बंदोबस्त, असं लोक धरून चालतात. काळेपणा फक्त डोळ्याला दिसणारा उजेड किती अडला ते सांगतो. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. आणि अडवलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. काचेवर पडलेल्या उन्हाच्या तीनच वाटा: परत फिरणं, आरपार जाणं, नाहीतर काचेत मुरणं. काळं व्हिनाइल ऊन परत फिरवत नाही, मुरवतं. पडलेल्या ऊर्जेपैकी सुमारे 90 टक्के व्हिनाइलमध्ये आणि त्याला घट्ट चिकटलेल्या काचेत जाते. बाहेर 42 अंश असताना पश्चिमेची अशी काच दुपारी चार वाजता 60 अंशांच्या वर सहज जाते. त्यातली साधारण तिसरा हिस्सा उष्णता खोलीत उतरते. म्हणून अंधार होतो, डोळ्यांना बरं वाटतं, पण खिडकीजवळ बसलं की तोंडावर तव्यासारखी धग येते.

चांदीसारखी चमकणारी धातूच्या थराची फिल्म निम्म्याहून जास्त ऊर्जा परत बाहेर फेकते आणि मुरवते साधारण एकतृतीयांश. खोलीत येणारी उष्णता कमी होतेच, त्याहून महत्त्वाचं म्हणजे काच स्वतः कमी तापते. नुसत्या रंगाची काळी सनफिल्मही मिळते. स्वस्त असते, पण तिचं वागणं व्हिनाइलकडे झुकतं. मोठ्या खिडकीला मी ती सुचवणार नाही.

काच कमी तापण्याला एवढं महत्त्व का? घरातल्या ॲल्युमिनियम स्लायडिंगला बहुतेक 4 किंवा 5 मिलिमीटरची साधी काच असते. तिची कड सेक्शनमध्ये, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चौकटीत, रबराखाली 10-15 मिलिमीटर झाकलेली. मधला भाग उन्हात तापतो आणि फुगू पाहतो, झाकलेली कड गार राहते. दीड मीटर काच 40 अंशांनी तापली तर जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते, पण कड तेवढंही वाढू देत नाही. मग कडेवर ताण येतो. काच दाब भरपूर सोसते, ताण सोसत नाही. साध्या काचेत मध्य आणि कड यांच्यात सुमारे 40 अंशांचा फरक पडला की धोक्याची हद्द सुरू होते. काच कापताना कटर नीट चाललेला नसेल, कडेला टवका असेल, तर त्याच्या कितीतरी आधी. तडा कडेपासून सुरू होतो, कडेला काटकोनात निघतो आणि मग वेडावाकडा फिरतो. अशी खूण दिसली की दगड लागला का, म्हणून शोधत बसू नका.

आणि हे मे महिन्यातच होतं असंही नाही. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा रात्री 10 अंशांखाली गेलेला असतो, सेक्शन गारठलेलं असतं, आणि सकाळचं खालून येणारं ऊन पूर्वेच्या काचेवर जवळपास सरळ आदळतं. काळं व्हिनाइल काही मिनिटांत तापतं, कड मात्र रात्रीच्या गारठ्यातच असते. उन्हाळ्यात लावलेल्या व्हिनाइलची काच थंडीत का फुटली, त्याचं उत्तर हे आहे. छज्ज्याची सावली अर्ध्या काचेवर पडत असेल, एसीचा झोत थेट काचेवर असेल किंवा जाड पडदा काचेला टेकलेला असेल, तर फरक आणखी वाढतो.

'व्हिनाइल बाहेरून लावलं की काच तापत नाही' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. चिकटलेली वस्तू आत असो की बाहेर, काच तिच्याबरोबरच तापते. उलट बाहेरचं साधं व्हिनाइल उन्हापावसात लवकर आकसतं, कडा उचलतं आणि गोंद काचेवर ठेवतं. बाहेर काही करायचंच तर अंतर ठेवून करा. खिडकीपासून वीतभर पुढे ताणलेली 75 टक्क्यांची हिरवी शेडनेट किंवा बांबूची चिक बरंचसं ऊन काचेपर्यंत येऊ देत नाही, आणि तिची उष्णता वारा घेऊन जातो. भाड्याच्या घरात माझी पसंती डोळे झाकून शेडनेटला.

फिल्म घेताना 'यूव्ही (अतिनील किरण) 99 टक्के' आणि 'आयआर (अवरक्त किरण) 95 टक्के' हे आकडे बाजूला ठेवा. यूव्ही हा उन्हातल्या ऊर्जेचा अगदी लहान भाग आहे. तो अडला की पडदा-सोफ्याचा रंग टिकतो, खोली गार होत नाही. आयआरचा आकडा बरेचदा अवरक्ताच्या एका अरुंद पट्ट्यात मोजलेला असतो. विचारायचे आकडे दोन: टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती अडते, आणि ॲब्सॉर्प्शन, म्हणजे किती मुरते. दुकानदार दुसरा आकडा सांगू शकत नसेल तर कंपनीचा तक्ता मागा. मोठ्या साध्या काचेला मुरण्याचं प्रमाण निम्म्याच्या आत ठेवा.

काचही ओळखा. कोपऱ्यात टफनचा (तापवून झटकन गार करून मजबूत केलेल्या काचेचा) शिक्का असेल तर ती 200 अंशांच्या आसपासचा फरक सोसते, तिथे तड्याची काळजी जवळपास संपते. लॅमिनेटेड काच (मध्ये प्लास्टिकचा थर घालून जोडलेल्या दोन काचा) टफन नसेल तर साध्या काचेसारखीच धरा. तपकिरी-निळ्या रंगीत काचेवर, आत तारेची जाळी असलेल्या काचेवर आणि डबल ग्लासवर (मध्ये पोकळी ठेवून बसवलेल्या दोन काचांवर) गडद काही चिकटवू नका. रंगीत काच आधीच ऊन मुरवते आणि डबल ग्लासमध्ये आतल्या काचेची उष्णता कोंडते.

चिकटवायचं काम फारसं अवघड नाही. सकाळी किंवा संध्याकाळी काच गार असताना, पाण्यात बेबी शॅम्पूचे थेंब, ब्लेडनं काच साफ, मधून कडेकडे स्क्वीजी (पाणी ओढायची रबरी पट्टी), कडेला 2-3 मिलिमीटर मोकळी जागा. आतलं पाणी सुकायला तीन-चार आठवडे जातात, तोवर दिसणारे धूसर डाग दाबत बसू नका.

काळं व्हिनाइल आधीच लावलेलं असेल तर ते संध्याकाळी काढा. कोपरा उचलून काचेलगत, सपाट कोनात हळू ओढायचं, तुटलं तर कोमट साबणपाण्याचं ओलं फडकं अर्धा तास लावून ठेवायचं. हीटगन लावू नका. एकाच जागी तापवलेली साधी काच तिथेच तडकते.